पागेच्या मैदानावरची नऊ खळी

पटक्याचा शेमला उजव्या कानावर ओढायचा, मान थोडी वाकडी करायची आणि म्हणायचं, "मी ऐकलों नाही."

दाजींची ही सवय ज्यानं पाहिली नाही असा तंजावूरच्या नगरपालिकेत एकही नोकर नव्हता. कान दोन्ही शाबूत होते. मैदानाच्या पार टोकाला कोणाची शेळी शिरली तर तिच्या गळ्यातली घंटा त्यांना घरात बसून ऐकू यायची. पण ओव्हरसियर म्हणाला, "दाजी, तो कडुनिंब तोडून टाका, साहेबांचा चेंडू अडतो," की शेमला कानावर आलाच. ओव्हरसियर दोनदा ओरडायचा, तिसऱ्यांदा मला सांगायचा, मी लिहून ठेवायचो आणि कडुनिंब तिथंच राहायचा. तो अजून आहे.

तुमच्याही गावात असा एखादा असेल. नको ते कानाबाहेर ठेवणारा. आपण त्याला बेरकी म्हणतो आणि सोडून देतो. मीही बरीच वर्षं तेवढंच म्हणत होतो.

त्यांचं नाव मी लिहिणार नाही. त्यांची सून अजून गावात आहे. ती बोलते मराठी, वाचते तमिळ, म्हणून तर हे कागदावर उतरवायचं धाडस करतो आहे. पण वाचून दाखवणारे लोक कमी नसतात. तेव्हा दाजी एवढंच पुरे.

मी नगरपालिकेत कारकून होतो. जमिनी, झाडं, गटारं आणि मैदानं अशी माझ्याकडची कागदपत्रं. मैदानं म्हणजे एकच मैदान, पागेचं. किल्ल्याच्या बाहेर, वडवारू नदीच्या अंगाला. आमचं राज्य होतं तेव्हा वाड्याचे घोडे तिथं फिरवत. दाजींचे आजोबा त्या पागेत चाबुकस्वार होते, नवं घोडं माणसाळवायचं हे त्यांचं काम. मग राज्य खालसा झालं आणि घोडे लिलावात गेले. "घोडे गेले, माशा राहिल्या," असं दाजी सांगायचे. त्यात रडगाणं नसायचं. जेवणात मीठ कमी आहे हे सांगावं तसं सांगायचे.

पुढे साहेब लोकांनी त्या मैदानावर गोल्फ आणला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. विटीदांडूला उकरतो तसे, पण लांब लांब अंतरावर, नऊ खळगे करायचे. वाकड्या काठीनं पांढरा चेंडू टोलवत एकेका खळग्यात घालत जायचा. ज्याचे टोले कमी, तो जिंकला. एवढ्यासाठी शहाणीसुरती माणसं तिसऱ्या प्रहरी उन्हात दोन-तीन मैल चालतात. विलायतेत खळग्याभोवती मऊ कापलेली हिरवळ असते म्हणे. आमच्याकडे गवत वैशाखात करपतं, म्हणून प्रत्येक खळग्याभोवती वाळूचं गोल अंगण करून त्यावर तेल शिंपडत आणि रूळ फिरवत. चेंडू तिथवर आला की पुढे अलगद घरंगळत जायला हवा. साहेबांनी त्या अंगणाला काही नाव दिलं होतं. दाजी त्याला खळं म्हणत. भात मळायचं खळं असतं, तेच.

पाणी कुठं साचतं, जमीन कुठं पोकळ आहे हे पागेच्या माणसांनाच ठाऊक, म्हणून साहेबांनी दाजींच्या वडिलांना राखणीला ठेवलं. त्यांच्यामागून दाजी. मैदानाच्या कडेला एक कौलारू घर, पुढे एक तिण्णा, म्हणजे बसायचा ओटा, त्यावर पागेतला एक जुना लगाम खुंटीला. क्लबाचे साहेब कमी होत गेले तसं मैदान नगरपालिकेच्या गळ्यात पडलं आणि दाजीही त्याबरोबर आमच्या गळ्यात पडले.

मग मोठी लढाई आली. उरलेले साहेब तिकडे गेले, तेल मिळेनासं झालं, रुळाचा लोखंडी दांडा कोणी तरी उचलून नेला. पाच वर्षांत मैदानाची दशा झाली. "चार खळी शेळ्यांनी खाल्लीं, तीन वीटवाल्यांनी, दोन देवानं," असा दाजींचा हिशेब होता.

त्याच वर्षांत त्यांचा मुलगा रंगूनला गेला. एकुलता एक. लग्न होऊन सहा महिने झाले होते. एका भाताच्या गिरणीत त्याला लिहिण्याचं काम मिळालं. दाजींची बायको आधीच गेलेली, तेव्हा घरात सासरा आणि सून दोघंच. सून तिरुवैयारुची. बोलायला तुरतुरीत, हसली की तोंडावर पदर घेणारी. मुलाची पत्रं तमिळमध्ये यायची, ती मोठ्यानं वाचायची आणि दाजी तिण्ण्यावर बसून ऐकायचे. तेव्हा शेमला कानावर नसायचा. प्रत्येक पत्राच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं असे: मैदान पुन्हा चालू झालं तर कळवा, मी येतो.

हे वाक्य उगाच नव्हतं. मैदान चालू झालं तर राखणीला दुसरा माणूस लागेल आणि ती जागा तुमच्या मुलाला देऊ, असं चेअरमनांनी दाजींना सांगितलं होतं. माझ्यासमोर सांगितलं होतं. पण त्याच चेअरमनांच्या टेबलावर मैदानाच्या कागदाशेजारी दुसराही कागद होता. गावाचा मैला पुरायला जागा हवी होती. जुनी जागा भरली होती आणि आरोग्यखात्यानं पागेच्या मैदानावर बोट ठेवलं होतं. मोकळी जमीन, गावाबाहेर, वाऱ्याची दिशा बरोबर. तो कागद माझ्याच हातचा होता. सुरेख अक्षरात काढला होता मी.

मी जाऊन दाजींना सांगितलं. शेमला कानावर.

"दाजी, थट्टा नाही. खंदक खणतील इथं."

"मी ऐकलों नाही, पंत."

दुसऱ्या दिवशी पाहतो तर ते पहिल्या खळ्याची जागा कुदळीनं सपाट करत होते.

नव्यानं आलेल्या कलेक्टरला गोल्फचा नाद होता, हे त्याच सुमारास कळलं. चेअरमन माणूस हुशार. त्यांनी दोन्ही कागद बाजूला ठेवले आणि म्हणाले, "दोन महिन्यांत मैदान खेळण्यालायक झालं तर एक दिवस ठरवू. कलेक्टर साहेब खेळतील. त्यांना आवडलं तर राहील. नाही तर खंदक." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पण तेल नाही, रूळ नाही, माणसं नाहीत. काय ते त्या म्हाताऱ्याला विचारा."

म्हाताऱ्यानं काय केलं असेल? शेण काढलं. वीटवाल्यांनी उकरलेले खड्डे भरले, वाळू खरवडून काढली, खाली लाल माती चोपली आणि वरून शेणानं सारवायला बसले. खळं म्हटलं तर खळ्यासारखंच. सगळ्या गावात हसू झालं. आमच्या लोकांत पुरुष सारवत नाहीत, त्यातून हे पागेतले मराठे. "पागेचे सरदार सारवायला बसले," म्हणून मंडईत चेष्टा. दाजी गुडघ्यांवर बसून मागे मागे सरकत सारवत राहिले. ऊन चढायच्या आत सारवण उरकलं पाहिजे, ऊन लागलं की कड उलते. त्यासाठी ते पहाटे उठत. सून शेण कालवून देई.

एक महिन्यानं इंजिनिअर साहेब चाचणीला आले. त्यांनी पहिल्या खळ्यावर चेंडू हलकेच ढकलला. चेंडू सरळ निघाला आणि निम्म्यात डावीकडे वळून काठावर जाऊन बसला. दुसरा मारला, तोही वळला. तिसराही. साहेब गुडघ्यावर बसून जमीन पाहू लागले. जमीन तर सपाट. साहेब निघून गेले आणि मी मनात म्हटलं, चला, खंदक.

कोडं सुनेनं सोडवलं. तिण्ण्यावरून उतरून ती खळ्यापाशी आली, वाकून पाहिलं आणि पदरात हसली.

"मामंजी, बोटं वळतात तिकडं गोळा वळतो कीं."

खरंच होतं. सारवताना हात अर्धचंद्रासारखा फिरतो. तुमच्या घरी सारवलेली जमीन आठवून पाहा, बोटांच्या कमानी एकीला एक लागून उमटलेल्या असतात. चेंडू त्या कमानींमागून जात होता. घरात ते सुंदर दिसतं, इथं नडत होतं. दाजींनी स्वतःचा उजवा हात पालथा-उलथा करून पाहिला. म्हणाले, "साठ वर्षं ह्या हाताला वळायला शिकवलों. अत्तां सरळ जा म्हणायचं."

दुसऱ्या दिवसापासून ते काठावरून खळग्याकडे एका रेषेत हात ओढू लागले. गाडीच्या चाकाचे आरे असतात तसे. एक ओढ, मागे सरकायचं, दुसरी ओढ. दहा दिवस हात चुकत होता. चुकला की तेवढा भाग पुसून पुन्हा. मग चुकायचा थांबला. मी घरून एक लिंबू नेलं आणि खळ्यावर सोडून पाहिलं. लिंबू सरळ गेलं आणि खळग्यात पडलं. दाजी हसले नाहीत, पण त्यांनी लिंबू परत दिलं नाही.

आता एक गोष्ट आधी सांगायला हवी, नाही तर पुढचं कळायचं नाही. दाजी सुतक फार कडक पाळत. त्याच महिन्याच्या सुरुवातीला त्यांचा एक चुलतभाऊ ओरत्तनाडुला वारला. बातमी चार दिवस उशिरा आली. उरलेले दिवस दाजींनी खळ्याला हात लावला नाही. मैदानाकडे पाठ करून तिण्ण्यावर बसून होते. घरापुढे सडा नाही, कोलमची रांगोळी नाही. आमच्याकडे दारात कोलम नसला की रस्त्यानं जाणाऱ्याला न विचारता कळतं, या घरात कोणी गेलं आहे. मी म्हटलं, दाजी, दिवस थोडे आहेत, गड्याकडून तरी करून घ्या. ते म्हणाले, "सुतकातल्या घरचं खळं फाटतं, पंत. भाताचं असो कीं साहेबाचं."

माझे वडील भिक्षुकी करत, त्यामुळे या बाबतीतले नियम मला लहानपणापासून पाठ. सुतक मेल्या क्षणापासून धरायचं खरं, पण लागतं ते ऐकल्यापासून. ऐकलं नाही तोवर माणूस मोकळा, त्याच्या हातचं सगळं चालतं. दहा दिवसांच्या आत ऐकलं तर उरलेले दिवस पाळायचे, त्यानंतर ऐकलं तर तीन. वर्ष उलटून गेल्यावर ऐकलं तर नुसती अंघोळ. कोणाचं मरण कुणाला कधी सांगायचं, हे आमच्या घरांतून बायकासुद्धा हिशेबानं ठरवतात. घरात लग्न उभं असेल तर परगावचं पत्र दोन दिवस उघडत नाहीत.

ठरलेला दिवस उजाडला. मी कचेरीत लवकर आलो होतो. खुर्च्या, पाणी, मांडव, सगळं माझ्याच अंगावर. सातच्या सुमारास तारवाला शिपाई सायकल ढकलत आला.

"मैदानाकडच्या दाजींची तार आहे, अय्या. ते घरी नाहीत. त्यांना इंग्लिश येत नाही. तुम्ही घ्या आणि सांगा."

मी सही केली. लखोट्याच्या कोपऱ्याला सुकत आलेला शेणाचा डाग होता. शिपायानं वाटेत पाडली असेल म्हणून मी त्याच्यावर डाफरलोसुद्धा. तो सायकल घेऊन गेला.

तार रंगूनहून होती. गिरणीच्या मॅनेजरची. तुमचा मुलगा तापानं काल वारला, अंत्यविधी उरकले, पत्र येत आहे.

मला काय वाटलं ते खरं सांगतो. काहीच वाटलं नाही. लिहायला लाज वाटते, पण तसंच आहे. मी तार दोनदा वाचली, घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. मग खुर्च्या मोजल्या. मनात विचार मात्र स्वच्छ चालत होते. दाजींनी ऐकलं की ते उठतील, घरात जातील आणि दार लावतील. खळ्यांवर शेवटचा हात फिरवायला कोणी नसेल. चेअरमन वेळ मारून नेतील, कलेक्टर दौऱ्यावर जातील आणि तो दुसरा कागद वर येईल. मुलगा तर गेलाच होता. मैदानही गेलं तर त्या माणसाला हात लावायला काय उरेल? आणि त्यांनी ऐकलंच नाही तर दोष कुणालाच नाही. नियम माझ्या बाजूनं होता.

यातलं निम्मं दाजींसाठी होतं. निम्मं माझ्यासाठी. दोन महिने मी त्या दिवसासाठी कागद लिहिले होते आणि तो दिवस बिघडायला मला नको होता. हे कबूल करतो.

मैदानावर गेलो तेव्हा दाजी नवव्या खळ्यापाशी उकिडवे बसले होते. हात धुतलेले, पटका नवा. सून पहिल्यापासून निघून प्रत्येक खळ्याच्या कडेनं तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ ओढत होती, साहेबांना काठ दिसावा म्हणून. घरापुढे मोठा कोलम काढला होता. तिच्या कपाळावर कुंकू होतं, रोजच्यापेक्षा मोठं, रुपयाएवढं. साहेब येणार म्हणून नटली असेल, असं मला वाटलं आणि मी नजर दुसरीकडे वळवली.

ती म्हणाली, "पंतकाका, आज लिंबू आणलां नाही?"

मी म्हटलं, "विसरलो, बाय."

मग मी दाजींच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. का कोण जाणे, खिशातला कागद मला टोचू लागला. नियम राहिला एकीकडे, आत्ताच सांगून मोकळं व्हावं असं वाटलं. म्हटलं, "दाजी, एक सांगायचं होतं."

शेमला कानावर आला. मान वाकडी झाली.

"मी ऐकलों नाही, पंत."

"अजून मी काही बोललो नाही."

"मग बरंच झालं. साहेब जाऊं देत. मग ऐकतों."

नेहमीची सवय. मला सुटल्यासारखं वाटलं. माझ्याकडून सांगायचं झालं, त्यांनी ऐकलं नाही, असा हिशेब मी तिथल्या तिथं मांडला.

तिसऱ्या प्रहरी कलेक्टर आले, इंजिनिअर साहेब आले, जज्ज आले, गावातले दोन वकील आले. दाजी अनवाणी त्यांच्यापुढे चालत होते, ताडाच्या पात्याच्या झाडूनं खळ्यावरचा पाचोळा उडवत. पहिलं खळं, दुसरं, तिसरं. चेंडू सरळ जात होता. कलेक्टर खूश होत होते ते त्यांच्या चालण्यावरून कळत होतं. चेअरमन छत्रीखाली घाम पुसत मागून येत होते. सहाव्या खळ्यावर कलेक्टर वाकले, जमिनीला तळहात लावला आणि बोटं नाकाशी नेली. चेअरमनांचा चेहरा पांढरा पडला. साहेबाला शेणावर खेळवलं, आता नोकरी गेली कुणाची तरी, असं सगळ्यांच्याच तोंडावर आलं.

कलेक्टर इंजिनिअरकडे वळून म्हणाले, "लहानपणी आमच्या गावच्या तबेल्यात हाच वास यायचा." आणि हसले. मी ते दाजींना मराठीत सांगितलं. दाजी म्हणाले, "घोड्यांची जागा आहे. साहेब चुकला नाही."

नवव्या खळ्यावर मात्र चेंडू चुकला. चांगला सरळ निघाला आणि खळग्याच्या हातभर अलीकडे थोडासा वळून बाजूनं निघून गेला. कलेक्टरांनी खांदे उडवले. मी खाली पाहिलं. आठ खळ्यांवर रेघा आऱ्यांसारख्या सरळ होत्या. या एकावर, एका जागी, बोटांची कमान उमटली होती. दाजी पुढे आले, वाकले आणि त्या जागेवरून हात फिरवला. "इथं माझा हात वळला," म्हणाले. कोणाला उद्देशून नाही.

निघताना कलेक्टर चेअरमनांशी हात मिळवून म्हणाले की मैदान ठेवा, मी दर शनिवारी येईन. खंदकासाठी दुसरी जागा बघितली गेली. इतकं सोपं होतं ते. राखणीच्या दुसऱ्या माणसाचाही हुकूम निघेल, असं चेअरमन जाता जाता दाजींना म्हणाले, "मुलाला कळवा." दाजींनी हात जोडले.

गाड्या गेल्या. मांडव सोडायला लागले. उन्हं कडुनिंबाच्या मागे उतरली होती. मी नवव्या खळ्याजवळ उभा होतो आणि दाजी माझ्याकडे चालत आले. त्यांनी शेमला कानामागे सारला.

"सांगा, पंत."

मी खिशातून तार काढली आणि वाचली. इंग्रजी शब्द वाचून मग मराठीत सांगितले. त्यांनी मध्ये काही विचारलं नाही. रडले नाहीत. "सरि, बरं," म्हणाले. मग पटका उतरवून हातात घेतला.

"अत्तां ऐकलों," म्हणाले. आणि घराकडे चालू लागले. सून दारात उभी होती, चहाचं भांडं हातात घेऊन. मी तिथून पुढे गेलो नाही. उलट्या दिशेनं चालत सुटलो. तिचा आवाज मला मैदानाच्या टोकाला ऐकू आला.

तेरा दिवस मैदानावर कोणी आलं नाही. खळ्यांना भेगा गेल्या. चौदाव्या दिवशी दाजी पुन्हा सारवायला बसले. सून शेण कालवून देत होती, कपाळ मोकळं. ती हसायची ती गेली. पुढे दाजींचे गुडघे गेले तेव्हा तीच सारवू लागली आणि राखणीची दुसरी जागा कागदावर तिच्या नावानं झाली. ते टिपण मी लिहिलं. ओव्हरसियर म्हणाला बाईमाणसाला कशी देता, तर मी त्याला म्हटलं, मी ऐकलं नाही.

दाजींकडे मात्र मी जाईनासा झालो. कामापुरता जायचो, तिण्ण्यावर बसायचो नाही. त्यांना फसवलं असं मला वाटत राहिलं. मुलाचं प्रेत जळून गेल्यावर बापाला साहेबापुढे झाडू मारायला लावलं, सुतक असलेल्या हातानं. नियम कितीही माझ्या बाजूनं असला तरी माझी झोप माझ्या बाजूनं नव्हती. ते मला बघून हात वर करायचे. "या की, पंत." मी म्हणायचो, काम आहे. पुढे ते वारले. दुखणं मोठं नव्हतं. मी चार माणसांत जाऊन उभा राहिलो आणि परत आलो. तेव्हाही मला काही वाटलं नाही. त्या तारेपासून माझ्या आतलं काही तरी बधिर झालं होतं ते तसंच होतं.

मी पेन्शनीत निघालो त्या वर्षीची गोष्ट. वडवारूच्या पुलावर तो तारवाला भेटला. तोही म्हातारा झाला होता, काठी घेऊन बसलेला. इकडचं तिकडचं बोलता बोलता दाजींचा विषय निघाला आणि तो म्हणाला, "अय्या, त्या दिवशी डाग मी पाडला नव्हता."

मला क्षणभर कळलं नाही.

मग त्यानं सांगितलं. तो सकाळी आधी मैदानावरच गेला होता. दाजी नवव्या खळ्यावर सारवत होते. आधीची आठ खळी सारवून झाली होती. शिपाई म्हणाला, तार आहे. दाजींनी मान वर करून विचारलं, कुठून? रंगूनहून. दाजींनी शेणानं भरलेला हात पुढे केला, लखोट्याचा कोपरा दोन बोटांत धरला, बराच वेळ धरला आणि उघडला नाही. तार कशासाठी येते हे आमच्या गावात कुणाला शिकवावं लागत नाही. मग त्यांनी तो परत दिला. म्हणाले, "मी घरी नव्हतों. मी भेटलों नाही. मुनसिपालिटीत पंतांना दे. ते समजुतदार आहेत, वेळेवर सांगतील."

"मी सायकल वळवली," शिपाई म्हणाला, "तर ते पुन्हा सारवायला बसले होते. एक हात ओढला आणि थांबले. मग घराकडे तोंड करून सुनेला हाक मारली."

"काय म्हणाले?"

"'बाय, आज कुंकू मोठं लाव. साहेब येणार.'"

शिपायाला नमस्कार केला आणि घरी आलो. तार अजून लखोट्यासकट माझ्या पेटीत होती. कोपऱ्यावरचा डाग सुकून त्याची पूड झाली होती, तरी बोटांची जागा दिसत होती. एवढी वर्षं मला वाटत होतं की मी त्यांना फसवलं. त्यांनी मला त्या दिवशी नुसतं राखणीला ठेवलं होतं. त्या मुलीचा एक दिवस राखायला.

आणि मी त्यांच्या तिण्ण्यावर बसायला गेलो नाही.

मागच्या दारी विहिरीवर जाऊन मी डोक्यावरून पाणी ओतून घेतलं. धोतरासकट. एक कळशी, दुसरी, तिसरी. डोळ्यांतून पाणी कधी सुरू झालं ते कळलं नाही. बायको धावत बाहेर आली. अवेळी डोक्यावरून अंघोळ म्हणजे काय ते तिला ठाऊक.

"अय्यो, कोण गेलं?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "जुनं आहे. मी आज ऐकलं."